ॲव्हरेज कुठे गेलं?

गेल्या जानेवारीत माझ्या गाडीचं ॲव्हरेज लिटरला ११.३ किलोमीटरवर आलं. गाडी २०१२ सालची, पेट्रोलवरची, लहान. तिचं वय झालंय हे मान्य, पण २०२२ च्या जानेवारीत हीच गाडी याच रस्त्यांवर १४.४ देत होती. हे मी आठवणीवर विसंबून सांगत नाही. माझ्या वडिलांना राजदूत मोटारसायकलच्या पेट्रोलचा हिशेब वहीत मांडायची सवय होती, ती माझ्यात उतरली. तारीख, मीटरचा आकडा, भरलेलं पेट्रोल अशा तीन रकान्यांची वही गाडीच्या कप्प्यात कायम असते. तीन किलोमीटरची घसरण म्हणजे पाचातला एक भाग गेला. तो कुठे गेला हे शोधण्यात माझे पुढचे काही आठवडे गेले. त्यात जे कळलं ते खानदेशात गाडी चालवणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितो आहे.

जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी फिरायला येणाऱ्यांमध्ये विषय काढला, तेव्हा प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. एकाच्या मते सगळा दोष इथेनॉलचा. दुसऱ्याने पंप बदलायला सांगितलं. तिसरे गृहस्थ म्हणाले, इंजिनाचं काम निघालं, आता गाडी काढून टाका. एअर फिल्टर बदलण्याचा सल्ला तर चौघांनी दिला. इच्छादेवी चौकाजवळच्या पंक्चरवाल्याने मात्र माझं सगळं ऐकून घेतलं आणि गाडीकडे न बघताच म्हणाला, "पहिले हवा पाह्य भाऊ, मंग बाकीचं."

हवा पाहण्याआधी एक गोष्ट समजून घेतली तर पुढचं सगळं सोपं जातं. एक लिटर पेट्रोल जळतं तेव्हा त्यातून सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा निघते. तिचा मोठा हिस्सा उष्णता होऊन रेडिएटरवाटे आणि सायलेन्सरवाटे हवेत जातो. काही हिस्सा इंजिनाचे भाग एकमेकांवर घासण्यात जातो, काही पंप, अल्टरनेटर, एसी फिरवण्यात. चाकांपर्यंत पोचतो तो जेमतेम चौथा हिस्सा, शहरातल्या थांबत-थांबत चालण्यात त्याहूनही कमी. चाकांशी पोचलेली ही ऊर्जा तीन ठिकाणी खर्च होते: टायर रस्त्यावर दबत-उठत फिरण्यात, समोरची हवा बाजूला सारण्यात, आणि मिळवलेला वेग ब्रेक दाबून घालवण्यात. गाडी जास्त पेट्रोल पिते तेव्हा यांपैकी कुठला तरी खर्च वाढलेला असतो, किंवा इंजिनाला नको तेवढं पेट्रोल पाजलं जात असतं.

मोजायचं कसं, हेही आधी सांगतो, कारण बहुतेक तक्रारी इथेच चुकतात. पाचशे रुपयांचं पेट्रोल टाकलं आणि काटा खाली येईपर्यंत किती चाललो, हे मोजमाप नव्हे. इंधनाचा काटा फार ढोबळ असतो, चढावर एक दाखवतो आणि उतारावर दुसरं. टाकी फुल करायची, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं, मीटर लिहून घ्यायचा. तीन-चारशे किलोमीटर झाल्यावर त्याच पंपावर, जमल्यास त्याच मशीनवर, पुन्हा तशीच टाकी फुल करायची. चाललेल्या अंतराला या वेळी भरलेल्या लिटरांनी भागलं की ॲव्हरेज. एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, निदान तीन टाक्या बघायच्या. आणि तुलना करायची ती आपल्याच गाडीच्या जुन्या आकड्याशी. कंपनीच्या जाहिरातीतला आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत, रोलरवर गाडी उभी करून, ठरावीक वेगाच्या आराखड्याप्रमाणे चालवून काढलेला असतो. दोन गाड्यांची तुलना करायला तो चांगला आहे. पण त्या रोलरवर केळीचे ट्रक नसतात, गतिरोधक नसतात आणि मे महिन्यातलं जळगावचं ऊनही नसतं.

तर हवा. माझ्या गाडीच्या टायरना ३३ पीएसआय लागते. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर तसं लिहिलं आहे. प्रत्यक्षात निघाली एका चाकात २५, दोघांत २६, चौथ्यात २७. मला धक्का बसला, कारण दिवाळीआधी मी हवा भरून घेतली होती. पण ती भरली होती ऑक्टोबरच्या दुपारी, भुसावळहून आल्या-आल्या, टायर तापलेले असताना. चाललेल्या टायरमधली हवा गरम होऊन तीन-चार पीएसआय जास्त दाखवते, म्हणजे मशीनवर ३३ दिसली तेव्हा खरी हवा ३० च्या आतच होती. नंतर थंडी पडली. बाहेरचं तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. खानदेशात हा हिशेब फार महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि जानेवारीच्या पहाटे दहाच्या खाली येतो. पंचेचाळीस अंशांत ३३ भरलेला टायर जराही गळला नाही तरी दहा अंशांत २७-२८ वर आलेला दिसतो. त्यात रबरातून महिन्याकाठी आपोआप झिरपणारी हवा धरली की माझे २५-२६ कुठून आले ते कळतं.

दबलेला टायर प्रत्येक फेरीत जास्त वाकतो, तापतो, आणि ती उष्णता शेवटी पेट्रोलमधूनच येते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेवारीनुसार चारही टायरमधली हवा एक पीएसआय कमी झाली की सरासरी ०.२ टक्के इंधन जास्त लागतं. माझ्या सात-आठ पीएसआयचे झाले दीड टक्का. पाचातला एक भाग खाणारा चोर हा नव्हता. तरी हवा सकाळी, टायर गार असताना, महिन्यातून एकदा भरण्याची सवय तेव्हापासून लागली. तिची खरी किंमत पेट्रोलपेक्षा सुरक्षिततेत आहे. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटण्यामागे कमी हवा हे मोठं कारण असतं.

पंपाबद्दलचा संशय मनात असेल तर तो तिथल्या तिथे दूर करता येतो. प्रत्येक पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात पेट्रोल मोजून दाखवावं लागतं. तो आपला हक्क आहे. मी मापून घेतलं, माप बरोबर निघालं. याच संदर्भात एक समजूत आपल्या भागात घट्ट बसलेली आहे: पेट्रोल पहाटे भरावं, दुपारी उन्हाने ते फुगतं आणि कमी मिळतं. पेट्रोल फुगतं हे खरं, वीस अंशांच्या फरकाने सुमारे दोन टक्के. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि खालच्या मातीचं तापमान दिवसभरात फारसं हलत नाही. सकाळी सहाला भरा की दुपारी दोनला, फरक नगण्य राहतो. त्यासाठी कुणी पहाटे उठू नये.

आता इथेनॉल. यावर लोक तावातावाने बोलतात, म्हणून आकडे शांतपणे मांडतो. एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१ मेगाज्यूल ऊर्जा असते, पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. वीस टक्के इथेनॉल मिसळलं की एका लिटरमधली ऊर्जा शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सात टक्क्यांच्या आसपास घटते. हा साधा गुणाकार आहे, यात वादाला जागा नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये इथेनॉल मिश्रणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला त्यातही हे नमूद आहे: मुळात शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज सहा ते सात टक्के घटेल, दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी जुळवलेल्यांचं एक ते दोन टक्के. देशाने दहा टक्के मिश्रण २०२२ च्या जूनमध्ये गाठलं. वीस टक्क्यांचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून मोजक्या पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचलं.

माझ्या वहीतल्या जुन्या जानेवारीतही पेट्रोलमध्ये दहाएक टक्के इथेनॉल होतंच. म्हणजे माझ्यासाठी फरक दहा ते वीस एवढाच, ऊर्जेच्या हिशेबाने साडेतीन टक्के. १४.४ चे १३.९ झाले असते तर मी मुकाट्याने इथेनॉलकडे बोट दाखवलं असतं. ११.३ साठी ते पुरत नाही. इथेनॉलमागचं कारणही मी समजू शकतो. परदेशातून आणावं लागणारं तेल तेवढं कमी होतं, आणि इथेनॉल उसापासून होतं तसं मक्यापासूनही होतं. मका आपल्या जळगाव-धुळ्याच्या शिवारात भरपूर पिकतो. पण लिटरमध्ये ऊर्जा कमी आहे हे ग्राहकाला सरळ सांगायला हवं. मिश्रणाचं प्रमाण प्रत्येक मशीनवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं असं मला मनापासून वाटतं. तसं झालं तर जुन्या गाडीचा मालक विनाकारण इंजिन खोलायला जाणार नाही, आणि खरा बिघाड असलेला इथेनॉलच्या नावाने दुर्लक्ष करणार नाही. मी तेच करत होतो, कित्येक दिवस.

खरा धागा हाती लागला तो एका पहाटे. लेकीला रेल्वे स्टेशनवर सोडायला निघालो होतो. कडाक्याची थंडी, म्हणून हीटर लावला. स्टेशनवर पोचून, तिला गाडीत बसवून, परत शिरसोली रस्त्याला लागलो तरी हीटरमधून कोमट हवाच येत होती. तेव्हा पहिल्यांदा माझं लक्ष तापमानाच्या काट्याकडे गेलं. तो तळाशी चिकटून होता. आणि मला मे महिना आठवला.

झालं होतं असं. मे महिन्यात एका लग्नाहून परतताना गाडी तापली. बोनेट उघडून रस्त्याच्या कडेला तासभर उभं राहावं लागलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तर फिटर म्हणाला, थर्मोस्टॅट काढून टाकतो, पाणी सतत फिरत राहील, गाडी पुन्हा कधीच तापणार नाही. खानदेशातल्या उन्हाळ्यात हा इलाज सर्रास केला जातो. ऐकायलाही पटतो. मी हो म्हणालो, त्यामुळे चूक जितकी त्याची तितकीच माझी.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधलं एक छोटं झडपेचं दार. आत मेण भरलेली कुपी असते. इंजिन गार असताना दार बंद राहतं, पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं आणि लवकर तापतं. ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास मेण वितळून फुगतं, दार उघडतं आणि जास्तीची उष्णता रेडिएटरकडे जाऊ लागते. हे दारच काढून टाकलं की पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरतं. मे महिन्यात ते खपून जातं. जानेवारीत बाहेर दहा-बारा अंश असताना इंजिनाला अंगात ऊब धरायलाच मिळत नाही.

गार इंजिन जास्त पेट्रोल का पितं हे जुन्या स्कूटरवाल्यांना चटकन कळेल. थंडीत आपण चोक ओढायचो, कारण गार भिंतींवर पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून मिश्रणात ते जास्त सोडावं लागतं. आजच्या गाडीत चोक दिसत नाही, पण त्याचं काम चालूच असतं. पाण्याचं तापमान सांगणारा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला कळवतो की इंजिन अजून गार आहे, आणि संगणक इंजिनातल्या इंजेक्टरच्या नोझलमधून जास्त पेट्रोल सोडतो. शिवाय गार ऑइल घट्ट असतं, त्यात फिरायलाही जोर लागतो. इंजिन तापलं की हे सगळं थांबतं. माझं इंजिन तापतच नव्हतं. संपूर्ण हिवाळा मी चोक ओढूनच गाडी चालवत होतो.

माझ्या बाबतीत ते जास्त भोवलं, याचं कारण आमचे रस्ते. मेहरूणमधून दाणा बाजार, फुले मार्केट, गोलाणी मार्केट, दवाखाना, भाजी, सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. चांगल्या थर्मोस्टॅटच्या गाडीचंही इंजिन एवढ्या अंतरात जेमतेम तापतं, तोवर मुक्काम येतो. तासाभराने निघावं तर पुन्हा पहिल्यापासून. लहान फेऱ्यांचं ॲव्हरेज कमी येतं ते गर्दीमुळे, असं आपण समजतो. गर्दी असतेच, पण गार इंजिनाचा वाटा त्यात मोठा असतो. म्हणून चार कामं चार वेळा करण्यापेक्षा एका दमात केली तर पेट्रोल निश्चित वाचतं. तीन किलोमीटरसाठी गाडी काढायची का, हा प्रश्न तर आहेच. मी भाजीसाठी पुन्हा सायकल काढली आहे. मेहरूणच्या बोरांच्या दिवसांत तर सायकलवरून थांबून-थांबून घेण्यातच मजा येते.

इंजिनाला सकाळी उभ्या-उभ्या पाच मिनिटं तापवत ठेवण्याची जुनी पद्धतही आता सोडून द्यायला हवी. कार्बोरेटरच्या जमान्यात तिची गरज होती. नोझलच्या इंजिनाला अर्धा मिनिट पुरतो. मग हळू, रेस न करता निघालं की ते चालता-चालता उभ्यापेक्षा लवकर तापतं. उभ्या गाडीचं ॲव्हरेज शून्य असतं. लहान पेट्रोल इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर पितं, एसी असेल तर लिटरच्या आसपास. पिंप्राळा रेल्वे गेटवर उभं राहण्याचे दिवस ज्यांना आठवतात त्यांना हा आकडा जाणवेल. रोज दहा मिनिटं अशी जळत असतील तर महिन्याला तीन-चार लिटर सहज जातात. अजिंठा चौफुलीला ट्रकांच्या रांगेत अडकलो तर मी आता इंजिन बंद करतो. चालू करायला जेवढं पेट्रोल लागतं ते दहा सेकंदांच्या उभं राहण्याइतकंच असतं.

थर्मोस्टॅट परत बसवला त्याच दिवशी दुसऱ्या फिटरने एक गोष्ट दाखवली जी मला मे महिन्यातच कुणीतरी दाखवायला हवी होती. त्याने पुढची जाळी काढली. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक असतात, त्या दोन्हींमध्ये कापसाचे पुंजके, काळ्या मातीची धूळ आणि किडे यांचा गच्च थर बसलेला होता. हवा जायलाच जागा नव्हती. गाडी तापली होती ती यामुळे. कमी दाबाच्या पाण्याने, पात्या वाकणार नाहीत अशा बेताने, अर्ध्या तासात ते धुऊन निघालं. कापूस वेचणीच्या आणि जिनिंगच्या दिवसांत ज्यांची गाडी रोज त्या रस्त्यांनी जाते, त्यांनी वर्षातून दोनदा तरी हे करून घ्यावं. कंडेन्सर तुंबला तर एसी गार करत नाही, मग कॉम्प्रेसर सतत चालतो आणि तोही इंजिनाच्याच जिवावर.

एसीबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एसीने काहीच फरक पडत नाही म्हणणारे आहेत, आणि घामाने निथळत काचा खाली ठेवून जाणारेही. अमेरिकी ऊर्जा खात्याचंच सांगणं असं की अतिशय कडक उन्हात, विशेषतः लहान फेऱ्यांत, एसीमुळे ॲव्हरेज २५ टक्क्यांहूनही जास्त घटू शकतं. उन्हात दोन तास उभ्या असलेल्या गाडीची आतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. ती भट्टी गार करण्यात कॉम्प्रेसर पहिली दहा मिनिटं पूर्ण जोराने चालतो, आणि तोवर तीन किलोमीटर संपलेले असतात. म्हणून आधी दारं उघडून वाफ बाहेर घालवावी, पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली ठेवाव्यात, मग एसी लावून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबावं. गाडी कडुनिंबाखाली उभी करता आली तर त्यासारखं काही नाही. महामार्गावर मात्र काचा बंद ठेवून एसी लावणंच बरं, कारण वेगात उघड्या काचांमधून हवा आत घुसून गाडीला मागे ओढते. शेहेचाळीस अंशांत म्हाताऱ्या माणसांना, लेकरांना एसीविना बसवून पेट्रोल वाचवावं असं मी कधीही म्हणणार नाही.

महामार्गाचा विषय निघालाच आहे. पूर्वीचा सहा नंबरचा, आताचा ५३ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग फागणे ते तरसोद चौपदरी झाला, आणि जळगाव-धुळे या नव्वद किलोमीटरांवर सगळ्यांचाच वेग वाढला. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात तर वेग सव्वापट होतो पण हवेचा रेटा दीडपटीहून जास्त, ११० ला तर जवळजवळ दुप्पट. पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था कित्येक वर्षं ताशी ४५ ते ५५ वेगाची शिफारस करते आहे. आजच्या चौपदरीवर तेवढ्या हळू जाणं व्यवहारात बसत नाही, पण ८० धरून राहिलं तर धुळ्याला पोचायला शंभरवाल्यापेक्षा तेरा-चौदा मिनिटं जास्त लागतात आणि पेट्रोलमधला फरक वहीत स्पष्ट दिसतो.

टपावरचं कॅरियर याच हवेच्या तोंडी उभं असतं. आखाजीला लेकी-बाळी माहेरी येतात, सामान वर बांधावं लागतं, ते ठीकच आहे. पण आखाजी होऊन पोळा येतो तरी कॅरियर टपावर तसंच राहतं. मोठ्या चौकोनी ओझ्याने महामार्गावर दहा-पंधरा टक्के पेट्रोल जास्त जाऊ शकतं, रिकाम्या कॅरियरनेही काही ना काही जातंच. डिकीचंही तसंच. आमच्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्ट्या होतात. शेगडी, पातेली, सतरंज्या, पाण्याचे जार डिकीत चढतात आणि पुढच्या पार्टीपर्यंत तिथेच राहतात. लहान गाडीत ४५-५० किलो वजन वाढलं की साधारण एक टक्का इंधन वाढतं. यंदा मी डिकी रिकामी केली तेव्हा तिथे मागच्या वर्षीची अर्धी गोवऱ्यांची गोणी निघाली.

एअर फिल्टरचं काय, असं ते चौघे विचारतील. कार्बोरेटरच्या गाडीत तुंबलेला फिल्टर खरंच पेट्रोल वाढवायचा, कारण हवा कमी आली तरी पेट्रोल तेवढंच ओढलं जायचं. आताच्या गाडीत संगणक येणारी हवा मोजतो आणि त्या मानाने पेट्रोल सोडतो. त्यामुळे तुंबलेल्या फिल्टरने पिकअप मरतो, ॲव्हरेज फारसं घटत नाही. आपल्या धुळीत तो वेळेवर बदलायलाच हवा, पण इंजिन टिकावं म्हणून. सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर मात्र बिघडला तर मोठं नुकसान करतो. मिश्रण बरोबर आहे की नाही हे संगणकाला त्याच्यावरूनच कळतं. तो चुकीचं सांगू लागला की पेट्रोल वाहत राहतं, आणि अशा वेळी दुरुस्तीने ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंतही सुधारल्याची नोंद आहे. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला तर त्यावर स्टिकर चिकटवू नका, स्कॅनर लावून घ्या. ब्रेक चिकटतो आहे का हे तर घरीच कळतं. दहा किलोमीटर जाऊन आल्यावर प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, एकच चाक बाकीच्यांपेक्षा धगधगीत लागलं तर तिथे ब्रेक धरून राहिला आहे. टाकीत ओतायच्या ॲव्हरेज वाढवणाऱ्या बाटल्यांवर मी एक रुपयाही घालणार नाही.

या सगळ्यांहून मोठं एक कारण गाडीत नसून आपल्या उजव्या पायात असतं. पुढचा सिग्नल लाल दिसत असूनही रेस देत जायचं आणि जवळ जाऊन ब्रेक मारायचा, म्हणजे पेट्रोल जाळून मिळवलेला वेग ब्रेकच्या पट्ट्यांवर उष्णता करून सोडून द्यायचा. शहरातल्या थांबत्या वाहतुकीत अशा चालवण्याने ॲव्हरेज १० ते ४० टक्के घटतं, असं मोजलेलं आहे. लांबूनच पाय उचलला तर गाडी गिअरमध्ये आपल्या वेगाने पुढे जात राहते आणि त्या वेळी नोझल पेट्रोल पूर्ण बंद करतं. हे कळलं तेव्हापासून घाटात उताराला गाडी न्यूट्रल करायची माझी जुनी खोड गेली. न्यूट्रलमध्ये इंजिन बंद पडू नये म्हणून पेट्रोल चालूच राहतं, गिअरमध्ये चाकंच इंजिन फिरवतात. आणि घाटात ब्रेकवर सगळा भार टाकून उतरणं जिवावर बेतू शकतं.

थर्मोस्टॅट आणि हवा झाल्यावर फेब्रुवारीच्या तीन टाक्यांची सरासरी १३.५ आली. १३.९ पर्यंतचा उरलेला फरक गाडीच्या वयाचा आणि वाढलेल्या रहदारीचा असावा. त्याच्या वरचं इथेनॉलचं, ते परत येणार नाही.

मे महिन्यात छत्रपती संभाजीनगरला जायचं होतं. पहूर, फर्दापूर, अजिंठ्याचा घाट, हा रस्ता कित्येक वर्षं खोदून ठेवलेला होता, आता बरा आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आसपास, संभाजीनगर साडेपाचशेच्या वर. चार माणसांसह बाराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर चढवायला चार मेगाज्यूल लागतात, आणि इंजिनाच्या चौथाई हिश्शाने ते मिळवायचे तर अर्धा लिटर पेट्रोल. जळगावात टाकी फुल करून निघालो, तिथे पुन्हा फुल केली: १६.२. परतीच्या उतरत्या वाटेला १७.६. दोन्ही वेळा एसी चालू होता. घाटाच्या मधल्या वळणावर, दुपारचे दोन वाजलेले असताना, मी तापमानाच्या काट्याकडे पाहिलं. तो बरोबर मधोमध होता.

त्या रात्री वहीत चौथा रकाना आखला, टायरमधल्या हवेचा.